खोडायचं नाही, झाकायचं

मालकांनी टेबलाखाली वाकून वायर ओढली आणि कॉम्प्युटरचा दिवा विझला, तेव्हा मी शाळेच्या शर्टाला कॉलर जोडत होते. मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबला.

"ती वायर परत लावा," मी म्हटलं.

"वहिनी, मी काही चोरून नेतोय का?" टेबलाखालून आवाज आला. "मशीन स्टुडिओचंच आहे. काम अडलंय. दुसऱ्या कुणाला तरी द्यायला नको?"

मालक म्हणजे आमच्या ह्यांच्या फोटो स्टुडिओचे मालक. माणूस वाईट नाही. गिऱ्हाइकांना 'हसा, हसा' म्हणून म्हणून स्वतःचाच चेहरा कायमचा हसरा होऊन बसलाय, त्यामुळे वाईट बातमी घेऊन आले तरी बारशाचं बोलावणं घेऊन आल्यासारखे दिसतात. हे त्यांच्याकडे फोटो सुधारायचं काम करायचे. गालावरचे डाग काढायचे, मागची भिंत बदलायची, लग्नाला न आलेल्या मामाला आलेल्या लोकांत उभं करायचं. स्टुडिओत गिऱ्हाइकांचा गोंगाट असतो म्हणून कॉम्प्युटर घरीच आणून ठेवलेला. एकाच खोलीत माझं शिलाईमशीन आणि त्यांचं ते, मधे कपाट. माझी खडखड, त्यांची टिकटिक. कधी कधी दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं व्हायचं आणि तेही पुरायचं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय हळूहळू चालायला लागला, जीभ जड झाली आणि उजवा हात गेला. हात हाताच्या जागी होता, पण गेला. तो हात म्हणजे त्यांचं काम होतं, त्यांचा स्वभाव होता आणि खरं सांगायचं तर त्यांची घमेंडही होती. दवाखान्यातून आल्यापासून हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. चहा आणला की "राहू दे". मालिश करू का, "राहू दे". लेकीचा फोन आलाय, "राहू दे". एवढ्या शब्दांतून नेमके हेच दोन शब्द जिभेनं शाबूत ठेवले होते.

"कुठलं काम अडलंय?" मी मालकांना विचारलं.

मालक गुडघे झटकत उठले. "बंबवाल्यांचं. नव्या अग्निशमन केंद्रात भिंतभर फोटो लावायचाय, सगळ्या जवानांचा मिळून. आता गंमत बघा. हे लोक एका वेळी एका जागी येतच नाहीत. तीन पाळ्या. सगळे फोटोला उभे राहिले आणि तेवढ्यात कुठे पेटलं तर काय? म्हणून तिन्ही पाळ्यांचे वेगवेगळे फोटो काढलेत. त्यातला एकेक माणूस कापून घ्यायचा आणि नव्या इमारतीपुढे सगळ्यांना एकत्र उभं करायचं. आपल्या ह्या उस्तादांनीच हो म्हटलं होतं, आजारी पडायच्या आधी."

"कापायचंच आहे ना? मग मी कापते. जन्मभर दुसरं काय केलंय?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणून झाल्यावर मला माझंच नवल वाटलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलंगावरच्या पाठीकडे पाहिलं.

"वहिनी, हे शिवणकाम नाही."

"शिवणकाम असतं तर तुम्हाला विचारलंच नसतं."

"राहू... दे," भिंतीकडून आवाज आला.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मालकांनी मान हलवली, पुन्हा वाकले आणि वायर लावली. "एका पाळीचा नमुना करून दाखवा. आठवडाभर थांबतो. नाही जमलं तर मशीन घेऊन जाईन, मग रागवायचं नाही."

मला त्या फोटोशी काही देणंघेणं नव्हतं. आग विझवणारे एका चौकटीत उभे राहिले काय आणि तीन चौकटींत राहिले काय, आग विझल्याशी कारण. मला फक्त एवढं कळत होतं की हे मशीन दारातून बाहेर गेलं तर हा माणूस पुन्हा या बाजूला वळणार नाही. भिंत बघत बघत संपेल. तेवढ्यासाठी मी ती फुशारकी मारली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली आणि मी त्यांच्या खुर्चीवर बसले. इतकी वर्षं कपाटाच्या आडून पाहिलेलं असल्यामुळे सगळं डोळ्यांत होतं, हातात मात्र काही नव्हतं. पहिल्या पाळीचा फोटो उघडला. जुन्या केंद्राची मळकट पांढरी भिंत, तिच्यापुढे जवानांची रांग, हातांत हेल्मेटं, एकाच्या खांद्यावर दोराचं वेटोळं, शेवटच्याच्या हातात शिडी. कडेच्या एका दणकट जवानापासून सुरुवात केली. टाचण्या टोचत जावं तसं त्याच्या कडेनं एकेक ठिपका टोचत गेले. शेवटचा ठिपका पहिल्याला मिळाला आणि जवानाभोवती तुटक रेघ मुंग्यांच्या रांगेसारखी चालायला लागली. याला सिलेक्शन म्हणतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. मुंग्यांच्या आतलं आपलं, बाहेरचं जगाचं. मग जे आपलं नाही ते मी रबर घेऊन खोडायला बसले. मुंग्या मधेच कुठे गेल्या कुणास ठाऊक, पण भिंतीबरोबर जवानाचा अर्धा कानही गेला.

"काय... खोडतेस?"

माऊस टेबलावर घासल्याच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं.

"भिंत. आणि चुकून एक कान."

पलंग करकरला. मी मुद्दाम मागे वळले नाही. वळले असते तर माझा चेहरा त्यांना दिसला असता.

"खोडायचं नाही," ते म्हणाले. एकेक शब्द ओल्या कपड्यासारखा जड येत होता. "झाकायचं. मास्क... लाव."

"म्हणजे काय करू?"

"खाली... बघ. पांढरा चौकोन. काळा ब्रश घे."

काळ्या ब्रशनं मी भिंतीवर रेघ ओढली. भिंत गेली. "आता पांढरा," ते म्हणाले. त्याच जागी पांढरा ब्रश फिरवला आणि भिंत होती तशी परत आली, तिच्यावरच्या ओलीच्या डागासकट. मी पुन्हा काळा घेतला आणि जवानाच्या नाकावर फिरवला. नाक गेलं. पांढरा फिरवला, नाक आलं. मी तो प्रकार इतक्या वेळा केला की मागून "पुरे" असं ऐकू आलं.

पण त्यांना काय कळणार. शिलाई चुकली तर उसवता येते, पण कापणं चुकलं की चुकलं. लोकांनी विश्वासानं आणून दिलेल्या कापडावर कात्री ठेवताना आजही मी घाई करत नाही. खडूनं रेघ आखायची, पुन्हा मापायची, श्वास धरायचा आणि मगच कात्री चालवायची. आणि इथे हा माणूस इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून असं कापत होता की ज्यात काहीच वाया जात नव्हतं. कापलेलं सगळं जागच्या जागी, नुसतं झाकलेलं. मला त्यांचा हेवा वाटला आणि रागही आला.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू... विचारलंस कधी?"

त्या दिवशी हे भिंतीकडे वळले ते संध्याकाळी. मधला सगळा वेळ पडद्याकडे बघत होते.

पहिल्या पाळीचा फोटो हळूहळू तयार झाला. एकेक जवान मी भिंतीपासून सोडवला आणि नव्या इमारतीच्या लाल दारांपुढे नेऊन उभा केला. पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. मालक येऊन फाइल घेऊन गेले आणि दोन दिवसांनी मोठा नमुना छापून, गुंडाळी काखेत मारून आले. ती त्यांनी जमिनीवर उलगडली, चार कोपऱ्यांवर माझी कात्री, इस्त्री आणि दोन रिळांचे डबे ठेवले आणि बाजूला उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "हे लोक आग विझवायला निघालेत की स्वर्गात?"

मी पाहिलं आणि कानशिलं गरम झाली. प्रत्येक जवानाच्या भोवती, डोक्यापासून बुटापर्यंत, मळकट पांढरी कड होती. सगळे लखलखत होते. संतमंडळींना हेल्मेटं वाटल्यासारखे दिसत होते.

"असं कसं झालं? मी तर रेघ सोडली नाही कुठे."

"रेघेच्या बाहेरून कापलंत ना पण. जुनी भिंत आली की बरोबर."

"मग रेघेवरून कापतात का कुणी?" मी चिडले. "शिलाईला माया सोडायला नको? उद्या घट्ट झालं, उसवायची वेळ आली, तर आत कापड नको?"

मालकांना काही कळेना. आमच्या धंद्यात आखलेल्या रेघेच्या बाहेर बोटभर कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ती न सोडणारा शिंपी दुसऱ्या दिवशी दुकान बंद करतो. माझ्या हाताला ती सवय इतकी की मला कळलंही नव्हतं.

तेवढ्यात खोलीत एक चमत्कारिक आवाज आला. मी घाबरून वळले. हे उठून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. तोंडाची डावी बाजू वर गेली होती, उजवी तिथेच होती, आणि मधून खर्रखर्र असा आवाज येत होता. हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"हिनं... बंबवाल्यांना... माया सोडली," ते म्हणाले. "उद्या लठ्ठ झाले तर?"

मालकही हसायला लागले. त्यांना काय, चेहरा तयारच होता. माझी फजिती झाली होती, नमुना वाया गेला होता, खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण घरात तो आवाज किती दिवसांनी ऐकत होते. म्हटलं, होऊ दे फजिती, पाहिजे तर आणखी एक पाळी वाया घालवते.

हसू ओसरल्यावर मालकांनी गुंडाळी उचलली आणि वायरींकडे पाहिलं. ते काही बोलायच्या आत हे म्हणाले, "नेऊ नका. सगळं शाबूत आहे. झाकलंय, खोडलं नाही. कड आत घ्यायची... फक्त. आम्ही देतो."

'आम्ही' म्हणाले. मालकांनीही ते ऐकलं असावं, कारण ते वायरींना हात न लावता, चहासुद्धा न घेता गेले.

मग आमची शाळा सुरू झाली. हे पलंग सोडून माझ्या मागे स्टुलावर येऊन बसायचे आणि मानेवर श्वास सोडत चुका काढायचे. रेघेच्या आत चाल. अजून आत. घाबरतेस काय, त्याला दुखणार नाही. हेल्मेटची कड टणक ठेव, केसांची मऊ. माणूस काय पत्र्याचा असतो का? मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, तुम्ही कधी काज केलंय का? मग मला शिडी शिकवू नका. शिडीच्या दोन पायऱ्यांमधून मागची भिंत दिसते, ती प्रत्येक फट वेगळी झाकावी लागते, आणि ते काम मी शंभर शर्टांची काजं केल्यासारखं उरकलं. शिडी झाल्यावर ह्यांनी पडद्याशी नाक नेऊन एकेक फट तपासली. मग म्हणाले, "बरी आहे." ह्यांच्या तोंडून 'बरी आहे' म्हणजे दुसऱ्यानं पेढे वाटावेत.

हात मात्र माझाच होता. मी कित्येकदा माऊस सोडून बाजूला सरकायचे, पाणी पिऊन येते म्हणायचे आणि दाराआडून बघायचे. हे माऊसकडे बघायचे आणि उजवा हात डाव्या हातानं मांडीवर नीट करून ठेवायचे. डाव्या हातानं तरी बघा, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "लहान पोरासारखं गिरगटायचं? राहू दे." ते दोन शब्द पुन्हा ऐकले आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

दुसऱ्या पाळीचा फोटो मी उघडला तो असाच एका दुपारी. ही पाळी अंगणात उभी होती, मागे कचेरीची खिडकी. जवान मोठे करून बघता बघता दोन डोक्यांच्या मधे, खिडकीच्या आत, मला काहीतरी दिसलं. आणखी मोठं केलं. काचेआड एक बाई बसली होती. कानाला फोन, हातात पेन, मान खाली. बाहेर सगळे छात्या काढून उभे, आणि ही आपल्या कामात.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"मागचं आहे. झाकून टाक."

"मागचं कसं? माणूस आहे."

"पाळीतला... नाही."

मला राहवेना. मी केंद्राच्या कचेरीचा नंबर शोधला आणि फोन लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"बोला, अग्निशमन केंद्र."

"मी फोटो स्टुडिओकडून बोलतेय. तुमच्या मोठ्या फोटोचं काम करतोय आम्ही. मला विचारायचं होतं, तिथे फोनवर ज्या बाई बसतात त्या कुठल्या पाळीत आहेत?"

"मीच ती. का?"

"तुमचा फोटो कुठल्याच रांगेत दिसत नाही."

"माझा फोटो कशाला?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. "मी फोटोला गेले तर फोन कोण उचलणार? तिन्ही वेळा इथेच बसले होते मी. तुमच्याकडे कुठे आग लागलेली नाही ना?"

"नाही."

"मग ठेवते." आणि ठेवला.

मी ह्यांच्याकडे वळले. "तिन्ही वेळा तिथेच होत्या म्हणे. आग लागली की लोक पहिल्यांदा या बाईंचा आवाज ऐकतात आणि आपण त्यांना झाकून टाकायचं? त्या फोटोत येणार."

"कुठे उभी करणार? बसलेली आहे. काचेमागे. चेहऱ्यावर... आभाळ पडलंय."

ते खरं होतं. काचेत आभाळाचं प्रतिबिंब होतं आणि ते बाईंच्या अर्ध्या चेहऱ्यावरून गेलं होतं. पण नव्या इमारतीलाही दारांच्या बाजूला एक मोठी खिडकी होती, रिकामी. मी मुकाट्यानं बाईंच्या भोवती ठिपके टोचायला सुरुवात केली. त्यांना टेबलासकट, फोनसकट सोडवलं आणि नव्या खिडकीत नेऊन बसवलं. आणि बघते तर काय, काचेवर बाहेरून चिकटवलेल्या जाहिरातीसारख्या दिसत होत्या. आत बसल्यात असं मेलं वाटेचना. कड मऊ केली, तर धुरकट झाल्या. टणक केली, तर आणखीच चिकटवलेल्या.

"काळं नको, पांढरं नको," मागून आवाज आला. "राखाडी घे."

"राखाडीनं काय होतं?"

"अर्धं दिसतं, अर्धं नाही. काच म्हणजे तेच."

मी राखाडी घेतला. पण अर्धं कापायचं कसं, हे माझ्या हाताला माहीतच नव्हतं. कापड एक तर कापलेलं असतं नाहीतर नसतं. बाईंच्या कपाळावर आभाळ जरा जास्त हवं, डोळ्यांवर अगदी थोडं, हातातल्या पेनावर नाहीच, असं ते सांगत होते, आणि मी करत होते ते सगळं धुळकट फडक्यासारखं होत होतं. "हलकं," ते म्हणाले. "अजून हलकं. अगं, दाबू नकोस. डोळे गेले बघ. ती बघतेय ना फोनकडे, मग डोळे कशाला..." त्यांचा आवाज चढत गेला, शब्द एकमेकांत अडकायला लागले, आणि एकदम माझ्या खांद्याला धक्का बसला.

"सरक."

मी सरकले. ते खुर्चीवर बसले. त्यांनी डाव्या हातानं माऊस ओढून डाव्या बाजूला घेतला. मी श्वास धरला, कात्री ठेवताना धरते तसा. पहिलाच ब्रश फिरला तो बाईंच्या नाकावरून खिडकीच्या बाहेर, भिंतीवर, एका जवानाच्या टाळक्यापर्यंत गेला. त्यांनी माऊस सोडला आणि खुर्ची मागे ढकलायला लागले.

"झाकलंय," मी म्हटलं. "खोडलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचीच शिकवण मी त्यांना परत केली होती. त्यांनी कॉम्प्युटरला एक पाऊल मागे नेलं, म्हणजे रेघ गेली, आणि पुन्हा ब्रश धरला. पुन्हा बाहेर गेला. पुन्हा मागे. मी कपाटाच्या पलीकडे माझ्या मशीनवर जाऊन बसले, कारण मी समोर असते तर त्यांना लाज वाटली असती आणि मला रडू आलं असतं. राहिलेल्या कॉलरी घेतल्या आणि मशीन चालवायला लागले. खडखड. थोड्या वेळानं पलीकडून टिक आलं. मग बराच वेळ काही नाही. मग टिक, टिक. मी एका कॉलरीला दोनदा शिलाई मारली तरी थांबले नाही.

अंधारून आलं तेव्हा त्यांनी हाक मारली. मी जाऊन पाहिलं. बाई आत बसल्या होत्या. काचेच्या आत, टेबलाशी, फोन कानाला लावून. कपाळावरून ढगाचा एक पातळ तुकडा चालला होता आणि त्याखाली डोळे स्वच्छ, कामात. त्यांच्या पुढे बाहेर जवानांची रांग. माझं शिवणकाम, माझी शिडी, माझे दोर, आणि मधे ती त्यांची खिडकी. कुठे कोणाचं काम संपलं आणि कुणाचं सुरू झालं ते सांगता आलं नसतं.

"बरी आहे," मी म्हटलं.

ते पुन्हा खर्रखर्र हसले.

फोटो भिंतीवर चढला त्या दिवशी नव्या केंद्राच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. मालकांनी आम्हाला गाडीतून नेलं, पुढच्या रांगेत बसवलं आणि चार शब्द बोलताना 'आमच्या स्टुडिओनं' असं चार वेळा म्हटलं. म्हणू दे. मोठ्या साहेबांनी दोरी ओढली, कापड खाली आलं, आणि सगळे जवान खुर्च्या सोडून भिंतीपाशी गोळा झाले. कामावरचे होते, सुट्टीवरचेही आले होते, पण एक पाळी रात्र काढून घरी झोपलेली होतीच.

"अरे, हा बघ," एकजण म्हणाला, "याची आणि माझी कॉट एकच. मी उठलो की हा झोपतो. गेली कित्येक वर्षं याची उशी मला गरम मिळते, पण शेजारी उभा आज पहिल्यांदा बघतोय."

"उंचीनं तुझ्यापेक्षा बराच कमी आहे की."

"म्हणून तर त्याला कॉट पुरते, माझे पाय बाहेर येतात."

हशा झाला. लोक आपापले चेहरे शोधत होते, बोटं ठेवत होते, फोनवर घरच्यांना सांगत होते. मोठे साहेब ह्यांच्यापाशी आले आणि हात पुढे केला. ह्यांनी डावा हात पुढे केला. साहेबांनी क्षणभर पाहिलं, मग आपला उजवा मागे घेऊन डावा दिला. "पंधरा वर्षं मी या लोकांना एका जागी आणायचा प्रयत्न करतोय," साहेब म्हणाले. "तुम्ही बसल्या जागी आणलेत."

"हिनं... आणले," हे म्हणाले. "मी फक्त खिडकी केली."

तेवढ्यात घंटा झाली. मला वाटलं, कार्यक्रमाचा भाग असेल. पण बशीत चहा सांडत कप खाली गेले, खुर्च्या आडव्या झाल्या आणि बघता बघता सगळं सभागृह दारातून वाहून गेलं. सुट्टीवरचेही सवयीनं धावले. साहेब धावले. मालक काय झालं ते बघायला त्यांच्यामागे गेले. लाल दारं उघडल्याचा गडगडाट, बंबाचा भोंगा, आणि मग तो भोंगाही दूर गेला. उरलो आम्ही दोघं, आणि भिंतीवर ते सगळे, एकाच जागी उभे.

थोड्या वेळानं आतल्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात वायरलेस, नाकावर चष्मा, मागे फोनच्या खोलीचं दार सताड उघडं. मी त्यांना लगेच ओळखलं, मी त्यांचे केस न् केस पाहिले होते. त्यांनी आम्हाला ओळखायचा प्रश्नच नव्हता. आत यावं की नाही असा विचार करून त्या दोन पावलं आल्या, वायरलेस कानाजवळ धरूनच. त्यांनी फोटोवर नजर टाकली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी एका टोकापासून एकेकावरून पुढे नेली. शिडीवाला. दोरवाला. कॉटवाले दोघं. स्वतःला त्या शोधतच नव्हत्या. नजर खिडकीपाशी आली, पुढे गेली, थांबली आणि परत आली.

वायरलेसमधून खरखर झाली. "पोहोचलो," कुणीतरी म्हणालं. "छोटी आहे. आटोक्यात येईल."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. पण त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. मग अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, इतक्या की काचेतल्या बाई आणि ह्या बाई समोरासमोर आल्या.

हे खुर्चीच्या पाठीला धरून उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. एकेक पाऊल टाकत ते फोटोपर्यंत गेले. आयुष्यभर लोकांचे फोटो केले, पण कुणालाही कधी विचारलं नव्हतं, ते आज विचारलं.

"काच... जमलीय का?"

बाईंनी फोटोकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"कुठली काच?" त्या म्हणाल्या.

ह्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "चल घरी. तुझ्या कॉलरी राहिल्यात. माझंही काम पडलंय."